मूल वर्गात गप्प का? गुणात्मक संशोधनाची पद्धत कशी निवडावी, कशी वापरावी



डी.एड.ला असताना कृतिसंशोधनाचा अहवाल आपण सगळ्यांनीच लिहिला आहे. पूर्वचाचणी, उपक्रम, उत्तरचाचणी, टक्केवारी आणि निष्कर्ष असा त्याचा ठरलेला साचा. साचा चांगलाच आहे, पण प्रत्येक प्रश्न त्यात बसत नाही. न बसणाऱ्या प्रश्नांसाठी गुणात्मक संशोधन असतं. ते आज एका उदाहरणातून समजून घेऊ.

उदाहरण जरीपटक्याचं

फाळणीनंतर सिंधमधून आलेली कितीतरी कुटुंबं उत्तर नागपुरातल्या जरीपटक्यात स्थायिक झाली. त्यामुळे इथे काही घरांत सिंधी, काही घरांत वऱ्हाडी वळणाची मराठी आणि बाजारात सर्रास हिंदी ऐकू येते. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. आता एकच शब्द बघा. पुस्तकातला ‘का’ वऱ्हाडी घरात ‘काहून’ होतो, रस्त्यावर ‘क्यों’ होतो आणि सिंधी आजीच्या तोंडी ‘छो’ होतो. मूल सकाळपासून दुपारपर्यंत या चारही शब्दांतून फिरून येतं.

समजा, इथल्या एका तिसरीच्या वर्गात ३० मुलं आहेत आणि त्यातली ७ मुलं मराठीच्या तासाला तोंडच उघडत नाहीत. तोंडी परीक्षेत सातही जणांना सारखेच कमी गुण. हे ‘किती’ आपल्याला चाचणीने सांगितलं. ही मुलं गप्प का, हे मात्र चाचणी सांगत नाही. आणि ते कळायच्या आधीच आपण सातही नावांपुढे ‘अप्रगत’ लिहून मोकळे होतो.

गुणात्मक संशोधन म्हणजे काय?

किती मुलं, किती गुण, किती टक्के वाढ हे मोजणं म्हणजे संख्यात्मक संशोधन. माणसं एखादी गोष्ट कशी अनुभवतात, तसं का वागतात, त्यांच्या लेखी तिचा अर्थ काय, हे त्यांच्याच शब्दांतून आणि वागण्यातून शोधणं म्हणजे गुणात्मक संशोधन. दोन्हींत भांडण नाही. पहिल्याने कुठे बघायचं ते कळतं, दुसऱ्याने तिथे काय चाललंय ते कळतं.

याचं मोठं उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडला नेलं. आदिवासी मुलं शाळेत येत नव्हती. हजेरीपटावर त्याची नोंद ‘गैरहजर’ एवढीच होणार. या दोघींनी वस्तीवर जाऊन पाहिलं, तेव्हा कारणं दिसली. कुणी धाकट्या भावंडाला सांभाळत होतं, कुणी गुरं घेऊन रानात जात होतं. मग अंगणवाडी मुलांच्या दारात गेली आणि कुरणशाळा गुरांमागे गेली. कारण नीट कळलं म्हणून उपाय नेमका सापडला.

पद्धत कशी निवडायची?

आधी प्रश्न एका वाक्यात लिहा. पद्धत त्या प्रश्नावरून ठरते.

१. निरीक्षण – मूल प्रत्यक्षात काय करतं, हा प्रश्न असेल तर. आपल्या उदाहरणात गप्प मूल मधल्या सुट्टीत कोणत्या भाषेत बोलतं, हे इथेच कळेल.

२. मुलाखत – मुलाला किंवा पालकांना काय वाटतं, हे जाणून घ्यायचं असेल तर.

३. गटचर्चा – एकटं मूल बिचकतं पण चौघांत खुलतं, तेव्हा. मात्र लाजेचा किंवा थट्टेचा विषय गटात काढू नये.

४. व्यक्ती अभ्यास – एकाच मुलाचं घर, मित्र, वह्या, आरोग्य असं सगळं खोलात समजून घ्यायचं असेल तर.

५. दस्तऐवजांचा अभ्यास – वह्या, चित्रं, जुनी नोंदपत्रकं. मुलाच्या वहीत बोलीतले शब्द कुठे खोडले आहेत, हीसुद्धा माहितीच असते.

मुलांची निवडही चिठ्ठ्या टाकून करायची नाही. ज्यांच्याकडून प्रश्नाचं उत्तर मिळू शकेल अशीच मुलं घ्यायची. याला सहेतुक नमुना निवड म्हणतात. इथे ती सात मुलं आणि सोबत घरी मराठी नसूनही धिटाईने बोलणारी एक-दोन मुलं घ्यावीत. त्यांच्याशी तुलना करता येते.

वापरताना काय सांभाळायचं?

नोंदवहीचे दोन रकाने करा. डावीकडे दिसलं ते, उजवीकडे आपल्याला वाटलं ते. ‘मुलगी उदास होती’ हे आपलं मत झालं. ‘१० मिनिटांत एकदाही वर पाहिलं नाही’ ही नोंद झाली. मुलाचं वाक्य जसंच्या तसं लिहा. ‘काहून’ म्हणालं तर ‘काहून’च लिहा, त्याचं ‘का’ करू नका.

प्रश्न उघडा ठेवा. ‘तुला मराठी आवडते ना?’ असं गुरुजींनी किंवा मॅडमनी विचारलं की मूल ‘हो’च म्हणणार. त्याऐवजी ‘काल संध्याकाळी घरी कोण कोण होतं? काय काय बोललात? सांग बरं,’ असं विचारा. उत्तर सिंधीत किंवा हिंदीत आलं तरी चालेल. मराठीतच सांग असा आग्रह धरला, तर जे गप्पपण समजून घ्यायचंय तेच परत समोर बसेल.

परवानगी घ्या, नाव झाका. पालकांना हेतू समजावून सांगा. मूल ‘नको’ म्हणालं तर तिथेच थांबा. अहवालात नावाऐवजी ‘विद्यार्थी १’ असं लिहा.

एका तोंडून ऐकलेलं दुसरीकडून पडताळा. मुलाचं बोलणं, वर्गातलं निरीक्षण आणि पालकांचं म्हणणं, तिन्ही शेजारी ठेवून वाचा. जिथे जुळत नाही, तिथे परत जा.

माहितीचं विश्लेषण

सगळ्या नोंदी दोनदा वाचा. समासात एकेका शब्दात खूण करा: ‘लाज’, ‘शब्द कळत नाही’, ‘कळतं पण बोलता येत नाही’, ‘उच्चाराला हसले’. सारख्या खुणा एकत्र केल्या की आशयसूत्रं दिसू लागतात.

आपल्या सात मुलांत काय निघू शकेल? काहींना मराठी शब्दच ओळखीचे नसतील. त्यांना चित्रं आणि घरच्या भाषेतला जोडशब्द लागेल. काहींना सगळं कळत असेल, पण ‘ळ’ आणि ‘ण’च्या उच्चाराला कुणी हसल्यापासून ती गप्प झाली असतील. त्यांना जादा तास लावले तर भीती वाढेल. त्यांना जोडीत बोलायला द्यावं आणि वर्गातलं हसणं थांबवावं. एखादं मूल घरी मराठीच बोलत असेल, पण ‘काहून’ म्हटल्यावर ‘शुद्ध बोल’ असं ऐकून ते मिटलं असेल. त्याची बोली वर्गात मानाने घ्यावी लागेल. गुण सातही जणांचे सारखे, उपाय मात्र तीन वेगळे.

एक मर्यादा अहवालात जरूर लिहा. सात मुलांवरून ‘नागपूरची मुलं अशी’ असा निष्कर्ष काढता येत नाही. पण आपल्या वर्गात सोमवारपासून काय बदलायचं, ते नक्की ठरवता येतं.

पालकहो, शिक्षकांनी घरच्या भाषेबद्दल विचारलं तर ती चौकशी समजू नका. ‘आम्ही घरी मराठीच बोलतो’ असं बरं दिसावं म्हणून सांगितलं, तर तुमच्याच लेकराला चुकीचा उपाय मिळेल. आजी सिंधीत गोष्ट सांगते, हे मोकळेपणाने सांगा.

आणि शिक्षक मित्रांनो, सातही मुलं एकदम घेऊ नका. या आठवड्यात एक मूल, एक वही आणि रोजची १० मिनिटं एवढंच ठरवा. ‘अप्रगत’ हा शेरा ती वही भरेपर्यंत बाजूला ठेवा.