जुलाब नाहीत, तरीही मूल वाढत नाही



वसतिगृहात किंवा मंडळीत असे एखादे मूल असते. ते जेवते, खेळते, पण उंची वाढत नाही. लोहाच्या गोळ्या देऊनही रक्त वाढत नाही. ‘अंगकाठीच लहान,’ असे म्हणून आपण गप्प बसतो. अशा वेळी सीलिअॅक हा आजार आठवावा, म्हणून हा पाठ.

आजार कोणता?
गहू आणि जव यांत ग्लूटेन नावाचे प्रथिन असते. काही मुलांच्या शरीरात त्यामुळे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याला इजा करते. मग खाल्लेले अंगी लागत नाही. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या दुष्काळात पाव मिळेनासा झाला, तेव्हा अशी मुले सुधारली. पाव परत येताच पुन्हा खालावली. यावरून डॉ. विलेम डिके यांचा गव्हावरील संशय पक्का झाला.

सहसा न ओळखली जाणारी चिन्हे
जुलाब आणि फुगलेले पोट ही नेहमीची ओळख. पण पुढील चिन्हेही पाहा:
१. खुंटलेली उंची, उशिरा येणारे वयात येणे
२. औषधाने न सुधारणारा रक्तक्षय
३. जुनी बद्धकोष्ठता
४. वारंवार तोंड येणे, कायमच्या दातांवर डाग वा खाचा
५. कोपर-गुडघ्यांवर खाजरे फोड
६. सततचा थकवा, चिडचिड

ही चिन्हे जंत, क्षयरोग, सिकलसेल किंवा कुपोषणातही दिसतात. म्हणून निदान डॉक्टरांनीच करावे.

एक चूक टाळा
संशय येताच चपाती बंद करू नका. गहू सुटला की रक्ततपासणीत दोष दिसेनासा होतो आणि निदान हुकते. आधी तपासणी, मग पथ्य. आजार ठरल्यास भावंडांचीही तपासणी करावी.

उपचार
औषध नाही, आयुष्यभराचे पथ्य हाच उपाय. रवा, मैदा, पाव, बिस्किटे बंद. नागली, वरई, ज्वारी, भात मात्र चालतात. आदिवासी घरचे हे जुनेच अन्न आहे. पीठ गव्हाच्या चक्कीवर दळू नये. प्रभुभोजनाच्या भाकरीचा छोटा तुकडाही अशा मुलाला अपाय करतो. पाळकांशी बोलून वेगळी, गव्हाविना भाकर ठेवावी.

विचार करा
आपल्या ओळखीचे असे मूल कोण? त्याला दवाखान्यात कोण नेईल?