एक भूल, दोन हिशेब

नागपूरच्या मनीषनगरात पहाटे फिरायला निघणाऱ्या आम्हा निवृत्त मंडळींच्या संभाषणात पूर्वी मुलांच्या नोकऱ्या, बेशाकडील प्लॉटांचे भाव आणि रेल्वे फाटकापाशी फुकट गेलेला वेळ हे तीन विषय आलटून-पालटून येत. फाटकावर पूल झाल्यावर त्यांतला तिसरा निकालात निघाला आणि त्याची जागा मेडिक्लेमने घेतली. कोणाचा दावा मंजूर झाला, कोणाचा अडकला, याची बातमी वर्तमानपत्राआधी आमच्याकडे पोहोचते. अलीकडे त्यात एक कुजबुजीचा प्रकार शिरला आहे: अमकीने हर्नियासोबत पोटही सपाट करून घेतले, तमक्याच्या मुलाने नाकाचा वाकडा पडदा सरळ करताना नाकही रेखीव करून घेतले, आणि सारे म्हणे विम्यातच बसले. या ऐकीव यशोगाथांच्या पोटात काय असते ते मी स्वतः भोगले असल्यामुळे, आणि सरकारी हिशेब तपासण्यात हयात घालविल्यामुळे कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचण्याची खोड जडली असल्यामुळे, माझी हकीकत तपशीलवार नमूद करून ठेवते.

दुसऱ्या बाळंतपणानंतर माझ्या बेंबीपाशी आलेला फुगवटा पुष्कळ वर्षे निरुपद्रवी होता; साठी ओलांडल्यावर तो खोकताना, वाकताना, बादली उचलताना दुखू लागला, आणि हा हर्निया असून आतडे अडकण्याची वाट न पाहता छिद्र बुजवून जाळी बसवावी, असा स्पष्ट सल्ला सर्जननी दिला. त्याच भेटीत त्यांनी असेही सांगितले की बाळंतपणांमुळे पोटाचे उभे स्नायू मधोमध दुभंगले आहेत, वरची कातडी ओघळली आहे, आणि इच्छा असल्यास प्लास्टिक सर्जनकडून तीही त्याच भुलीत काढून घेता येईल. या वयात हा सोस कशाला, असे घरात कोणी तोंडाने विचारले नाही, नजरेने विचारले. त्याचे उत्तर मी तेव्हा दिले नाही आणि आताही देत नाही, कारण स्वतःच्या कमाईतून स्वतःच्या शरीराविषयी केलेली इच्छा ही खुलाशाची बाब आहे असे मला वाटत नाही. खुलासा लागतो तो दुसऱ्याच्या पैशाचा, आणि विम्याचा पैसा हा आपल्याप्रमाणेच हप्ते भरणाऱ्या असंख्य अनोळखी माणसांचा असतो.

म्हणून दाखल होण्यापूर्वीच मी रुग्णालयाच्या मेडिक्लेम डेस्कवर दोन स्वतंत्र इस्टिमेट मागितली: हर्नियाचे कंपनीसाठी, कातडीचे माझ्यासाठी. तेथला तरुण हसून म्हणाला, “काकू, काहून टेन्शन घेता? सगळं हर्नियातच बसवून देतो नं.” त्याच्या स्वरात लबाडी नव्हती, नेहमीचा शिरस्ता सांगावा तसा तो बोलला, आणि मला भीती वाटली ती याचीच. मी नकार दिला, घरी येऊन तीच मागणी ईमेलने लेखी पाठविली, आणि उत्तरादाखल आलेले एका शब्दाचे ‘ओके’ जपून ठेवले.

शस्त्रक्रिया उत्तम झाली, हे प्रथम सांगितले पाहिजे. दोन्ही सर्जन आपापल्या कामात निष्णात होते आणि माझी तक्रार त्यांच्याविषयी नाही. तक्रार आहे ती दफ्तराविषयी. डेस्कवरून विमा कंपनीकडे गेलेल्या कॅशलेसच्या मागणीत नाव केवळ हर्नियाचे होते, रक्कम मात्र दोन्हींची होती. डिस्चार्जच्या दिवशी अंतिम बिलासोबत ऑपरेशन नोट्स गेल्या. त्यांत प्लास्टिक सर्जनने, कर्तव्यच म्हणून, किती कातडी व चरबी काढली आणि नळ्या कोठे ठेवल्या ते प्रामाणिकपणे लिहिले होते. अंतिम मंजुरी ३ तासांत देण्याचे बंधन विमा नियामक प्राधिकरणाने २९ मे २०२४ च्या परिपत्रकाने कंपन्यांवर घातले आहे. नामंजुरीही तितक्याच तत्परतेने येऊ शकते, हे मला त्या दुपारी समजले. कॅशलेसची आधीची मंजुरी रद्द झाली, सारे बिल आम्हांला भरावे लागले, आणि पुढे आलेल्या पत्रात वस्तुस्थिती दडविल्याचा ठपका माझ्या नावावर होता, कारण मागणीच्या अर्जावर सही माझी होती. शेवटी त्या ईमेलने आणि एका शब्दाच्या ‘ओके’ने मला सोडविले: रुग्णालयाला बिलाची फोड करून द्यावी लागली, कंपनीने ठपका मागे घेतला आणि हर्नियापुरती रक्कम दिली. ईमेल नसता तर माझा शब्द आणि माझीच सही एकमेकांविरुद्ध उभी राहिली असती.

आता नियमाविषयी. विमा नियामक प्राधिकरणाने २७ सप्टेंबर २०१९ रोजी आरोग्य विम्यातील अपवादांची भाषा सर्व कंपन्यांसाठी एकसारखी केली. त्यानुसार रूप बदलण्यासाठी केलेला उपचार विम्यात बसत नाही. मात्र अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना बसते, आणि प्रकृतीला असलेला प्रत्यक्ष व तात्काळ धोका दूर करण्यासाठी आवश्यक असलेला उपचारही बसतो, फक्त ती आवश्यकता उपचार करणाऱ्या डॉक्टरने प्रमाणित केलेली हवी. म्हणजे प्लास्टिक सर्जरी हे नाव दिसताच दावा बुडाला असे नाही. प्रश्न हेतूचा आहे. टिपूच्या कैदेत नाक व एक हात गमावून बसलेला, इंग्रजी फौजेचे बैल हाकणारा कावसजी पुण्यात आला, तेथील एका कारागिराने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नाक दिले, आणि १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ते वृत्त छापल्यावर विलायतेतले शल्यवैद्य ती विद्या गिरवू लागले, त्या कावसजीचा दावा आजच्या कारकुनापुढे आला असता तर त्यालाही, माझ्या मते, बहुधा पहिल्या फेरीत शेरा मिळून दुसऱ्या फेरीत मंजुरी मिळाली असती.

सीमारेषा मात्र नेहमी न्याय्य असते असे नाही. दुभंगलेल्या स्नायूंमुळे पाठ धरते, वजन उचलवत नाही. तरी ते जोडणे हे पुष्कळदा सौंदर्याच्याच रकान्यात टाकले जाते. बाळंतपणाने झालेली मोडतोड ही मोडतोडच होय, असे माझे ठाम मत आहे. पण मत आणि पॉलिसी या भिन्न वस्तू असून दावा दुसरीवर चालतो.

करविभागाचे डोळे वेगळे आहेत, आणि याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. २०१७ च्या जून महिन्यातील अधिसूचनेनुसार आरोग्यसेवा जीएसटीमुक्त आहे, परंतु जन्मजात दोष, वाढीतील विकृती वा इजा यांवरील दुरुस्ती वगळता सौंदर्यशस्त्रक्रिया त्या सवलतीत येत नाही व तिच्यावर १८ टक्के कर लागतो. तेव्हा ‘सगळं हर्नियात बसविणारे’ बिल केवळ विमा कंपनीला नव्हे, सरकारी तिजोरीलाही फसविते, आणि त्या बिलावर आपले नाव असते. आपल्या वाट्याच्या बिलावर कर दिसत असेल तर कुरकुर न करता भरावा. हिशेब खरा असल्याचा तो पुरावा आहे.

खरा गुंता सामाईक खर्चाचा. सर्जनचे शुल्क वेगळे करता येते. भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृहाचे तास आणि खोलीचे दिवस कोणाच्या खात्यावर टाकावयाचे? यासाठी दाखल होण्यापूर्वी सर्जनकडून एक साधे पत्र घ्यावे: केवळ हर्नियाच केला असता तर अंदाजे किती तास व किती दिवस लागले असते. त्यापलीकडचे सारे आपले. हेच पत्र, दोन्ही इस्टिमेट आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च आपण स्वतः करीत आहोत हे निवेदन, कंपनीला परस्पर कळवावे. रुग्णालयाच्या डेस्कवर विसंबू नये. नाकाचा पडदा असो, की दृष्टीआड येणारी वरची पापणी असो, वैद्यकीय कारणाचा पुरावा आधी हवा: नाकाची तपासणी, पापणीसाठी दृष्टिक्षेत्राची चाचणी. पॉलिसी नवीन असेल तर प्रतीक्षाकाळही पाहावा. हर्निया व नाकाचा पडदा यांना पुष्कळ पॉलिसींत पहिली काही वर्षे संरक्षण नसते.

पैशापुढे शरीर आहे. एकाच भुलीत दोन कामे म्हणजे एकदाच कळा सोसणे, हे खरे. पण भूल लांबते, आणि पोटाच्या लांब शस्त्रक्रियेनंतर पायांच्या शिरांत रक्त गोठण्याची धास्ती वाढते. बेंबीचा हर्निया व पोटाची कातडी ही कामे एकत्र केल्यास बेंबीचा रक्तपुरवठा वरून व खालून दोन्हीकडून तुटू शकतो, हे मला माझ्या प्लास्टिक सर्जनने आपणहून सांगितले. ज्याने सांगितले नाही, त्याला विचारावे. मधुमेह असेल, तंबाखूचे व्यसन असेल, तर दोन कामे वेगवेगळी करण्याचा सल्ला निमूटपणे मानावा. पुढे जखम चिघळली तर ती कोणत्या शस्त्रक्रियेची, हा वादही कंपनीशी होणारच, आणि त्यावर दोन्ही सर्जनांचे स्वतंत्र अभिप्राय लागतात.

खोट्या नावाचा मोह धरणाऱ्यांसाठी एकच बाब सांगते. सलग ५ वर्षे पॉलिसी चालविल्यावर कंपनीला जुनी माहिती उकरून दावा नाकारता येत नाही, हे संरक्षण मोलाचे आहे. सिद्ध झालेल्या फसवणुकीला ते लागू नाही, आणि उतारवयात रद्द झालेल्या पॉलिसीच्या जागी नवी मिळविणे किती कठीण असते ते माझ्या वयाच्या कोणालाही विचारावे.

ज्यांनी सर्व काही उघडपणे केले आणि तरीही दावा अडकला, त्यांनी प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावा. महिनाभरात उत्तर न आल्यास, किंवा आलेले उत्तर न पटल्यास, एका वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जावे. नागपूरकरांसाठी ते कार्यालय पुण्याला आहे. अर्जाला शुल्क नाही, वकील चालत नाही, आणि कागद स्वच्छ असतील तर त्याची गरजही नाही.