वळिवड्याची पोलिश छावणी



इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात दुसरे महायुद्ध काही पानांत आटोपते. हिटलर, पर्ल हार्बर, हिरोशिमा, की धडा पूर्ण. त्या पानांत कोल्हापूरचे नाव कुठे येत नाही. वास्तविक ते यायला हवे. युद्धाच्या काळात युरोपातून हाकलले गेलेले सुमारे पाच हजार लोक कोल्हापूरजवळच्या वळिवडे या गावी जवळजवळ पाच वर्षे राहिले. ते इंग्रज नव्हते, साहेब म्हणून आलेले नव्हते. ते पोलंडचे साधे लोक होते आणि त्यांत बहुतेक स्त्रिया व मुले होती. परक्या मुलुखात, परक्या भाषेच्या शेजारी त्यांनी रोजचा संसार कसा केला, हा या वेळच्या अभ्यास-लेखाचा विषय आम्ही मुद्दाम निवडला आहे. आपण ग्वाल्हेरचे मराठी लोक, आपल्याला हा विषय जवळचा वाटावा.

आधी ते इतक्या दूर आले कसे, ते नकाशा समोर ठेवून पाहा. सप्टेंबर १९३९ मध्ये पश्चिमेकडून जर्मनीने व पूर्वेकडून सोव्हिएत रशियाने पोलंड व्यापला. फेब्रुवारी १९४० पासून पूर्व पोलंडमधील कुटुंबेच्या कुटुंबे रशियाने मालगाड्यांत भरून सैबेरिया, कझाकस्तान अशा भागांत नेऊन टाकली. तेथे जंगलतोड, थंडी, उपासमार. जून १९४१ मध्ये जर्मनीने रशियावरच हल्ला केला, तेव्हा रशियाला मित्रांची गरज भासली आणि जुलैमध्ये झालेल्या करारामुळे या पोलिश कैद्यांची सुटका झाली. पुरुष जनरल आंडर्स यांच्या सैन्यात भरती झाले. १९४२ मध्ये सैन्य व त्याच्या मागोमाग बायका-मुले कास्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरली. तेथून कोणी आफ्रिकेत गेले, कोणी मेक्सिकोत, कोणी न्यूझीलंडला, आणि काही हजार लोक कराचीच्या वाटेने भारतात आले.

भारतात त्यांना पहिला मोठा आधार दिला तो नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी. जामनगरजवळ बालाचडी येथे त्यांनी अनाथ मुलांसाठी वसतिस्थान उभारले. ही गोष्ट आता बऱ्याच लोकांना ठाऊक झाली आहे. वळिवड्याची मात्र कमी सांगितली जाते. कदाचित तिच्यात एकच एक नायक नाही म्हणून असेल. कोल्हापूरचे राजाराम महाराज १९४० मध्येच निवर्तले होते, दत्तक घेतलेले वारस लहान मूल होते. छावणीचा खर्च लंडनमधील पोलिश सरकार सोसत होते व व्यवस्था हिंदुस्थान सरकार पाहत होते. (जाता जाता : पुढे १९४७ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर जे शहाजी महाराज आले, ते मूळचे आपल्या मध्य प्रदेशातील देवासचे विक्रमसिंहराव पवार. परीक्षेत येणार नाही, पण लक्षात ठेवा.)

वळिवड्याची छावणी १९४३ मध्ये सुरू झाली. पंचगंगेच्या खोऱ्यात, रेल्वेच्या जवळ, लांबच लांब बराकींच्या रांगा. कौलांचे छप्पर, चटयांच्या भिंती. एकेका बराकीचे भाग पाडून कुटुंबांना दिलेले, पुढे ओसरी, मागे स्वयंपाकाची जागा. चटईच्या भिंतीपलीकडे शेजारणीचे बोलणे ऐकू येणार हे उघडच आहे, ज्यांचे बालपण वाड्यात गेले आहे त्यांना याची कल्पना यावी. ओसरीपुढच्या जागेत बायकांनी फुलझाडे लावली. रस्त्यांना पोलिश नावे दिली. चर्च उभे राहिले, दवाखाना, बेकरी, नाटकाचा रंगमंच, पोस्ट आले. ज्यांना अडीच-तीन वर्षे एका जागी झोपायला मिळाले नव्हते, त्यांनी प्रथम काय केले असेल, तर पत्ता तयार केला.

आणि शाळा काढल्या. येथे आम्ही शिक्षक म्हणून थोडे थांबतो. छावणीत बालवाडी होती, प्राथमिक शाळा होत्या, माध्यमिक शाळा व त्यापुढचे वर्गही होते. हाल-अपेष्टांत मुलांची दोन-तीन वर्षे बुडालेली होती, त्यामुळे एकाच वर्गात निरनिराळ्या वयाची मुले बसत. पुस्तके कुठून आणायची? पोलंड तर शत्रूच्या ताब्यात. तेव्हा पोलिश पाठ्यपुस्तके जेरुसलेममध्ये छापली जात व तेथून जगभर विखुरलेल्या मुलांकडे जात. मुंबईहून ‘पोलाक व इंडियाख’, म्हणजे ‘हिंदुस्थानातील पोलिश माणूस’, या नावाचे नियतकालिक निघत असे. शाळेनंतर स्काउटची पथके. घर नाही, देश नाही, बाप कुठल्या आघाडीवर आहे ठाऊक नाही, पण वेळापत्रक आहे, हजेरी आहे, गृहपाठ आहे. अशा मुलांना हजेरीपटावर आपले नाव रोज पुकारले जाणे किती आधाराचे वाटत असेल, हे शिक्षकालाच कळेल.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. छावणीत सगळेच होते, म्हणून छावणीबाहेर जावे लागत नव्हते. शाळा पोलिश, प्रार्थना पोलिश, शेजार पोलिश. गावाशी गाठ पडे ती मुख्यतः बाजाराच्या निमित्ताने. कुटुंबाला दरमहा भत्ता मिळे, त्यातून भाजी, दूध, अंडी, कापड घ्यायचे. भाजीवाले, शिंपी, दुकानदार छावणीपर्यंत येत. येथे गंमत अशी झाली की पोलिश बायका मराठी शिकण्याआधी आपले भाजीवालेच पोलिश आकडे शिकले. ज्याला विकायचे असते तो आधी भाषा शिकतो, हा जगाचा नियमच आहे. महाराज बाड्यावर उभे राहून कोणत्याही फेरीवाल्याचे बोलणे ऐका, म्हणजे पटेल.

ते आकडे शिकायला फार जड गेले नसावेत. पोलिश भाषेत एक म्हणजे ‘येदेन’, पण दोन म्हणजे ‘द्वा’ आणि तीन म्हणजे ‘त्शी’. संस्कृतमधील द्वि व त्रि आठवा. भाऊ म्हणजे ‘ब्रात’, आपला भ्राता. आई म्हणजे ‘मात्का’, आपली माता. विस्तव म्हणजे ‘ओगिएन’, आणि तो आपला अग्नी आहे हे सांगायलाही नको. पोलिश, मराठी, हिंदी या एकाच मोठ्या भाषाकुळातल्या. पंचगंगेच्या काठी हजारो वर्षांनी भेटलेल्या या चुलत बहिणी भाजीच्या टोपलीवर घासाघीस करत होत्या, आणि नात्याचा पत्ता दोघींनाही नव्हता.

छावणीत पुरुष कमी का होते, तेही सांगितले पाहिजे. वडील व मोठे भाऊ आंडर्सच्या सैन्यात इटलीत लढत होते. १८ मे १९४४ रोजी मोंते कासिनोचा मठ पोलिश सैनिकांनी जिंकला आणि त्यात त्यांची पुष्कळ माणसे पडली. वळिवड्यातल्या पोस्टाकडे त्या दिवसांत बायका कशा डोळे लावून बसत असतील? त्याच मोंते कासिनोसाठी आधीच्या महिन्यांत भारतीय सैनिकही झुंजले होते. त्याच इटलीत मराठा पलटणीचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी धारातीर्थी पडले, आणि ९ एप्रिल १९४५ च्या लढाईतील पराक्रमाबद्दल नामदेव जाधव यांना गौरवण्यात आले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. म्हणजे छावणीतली पोलिश आई आणि महाराष्ट्राच्या खेड्यातली मराठी आई एकाच आघाडीवरून येणाऱ्या पत्राची वाट पाहत होत्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, एवढेच.

मग युद्ध संपले, आणि या लोकांच्या बाबतीत ते वाईट रीतीने संपले. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे तीन बड्या राष्ट्रांनी पोलंडची पूर्व सीमा मागे सरकवली. वळिवड्यातील बहुतेकांची गावे रशियाकडे गेली. आज त्यांतील बरीच युक्रेन, बेलारूस व लिथुआनियात आहेत. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यताही काढून घेतली. आम्ही त्या शाळेतल्या भूगोलाच्या शिक्षकाचा विचार करतो. भिंतीवर नकाशा तोच, मुले तीच, पण मुलांची गावे आता त्या देशात नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याने तास कसा घेतला असेल? तास झाला असणार, कारण शाळा छावणी उठेपर्यंत चालू होत्या. उलट १९४६ मध्ये बालाचडीचे केंद्र बंद झाल्यावर तेथील मुलेही वळिवड्याला आली.

१९४७-४८ मध्ये छावणी रिकामी झाली. थोडे लोक पोलंडला परतले. सैनिकांची कुटुंबे ब्रिटनला गेली, काही लोक आफ्रिकेतील छावण्यांत, काही ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेत. एक मुलगी मात्र कोल्हापूरच्या तरुणाशी लग्न करून, मराठी नाव घेऊन तिथेच राहिली व तिथलीच झाली. काही जण कोल्हापूरच्या मातीत आहेत, त्यांच्या कबरी आजही आहेत. महावीर उद्यानात या छावणीचे स्मारक आहे. २०१९ मध्ये तेथे लहानपण घालवलेले काही वृद्ध पोलिश पाहुणे कोल्हापूरला येऊन गेले, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी वॉर्सा शहरातील कोल्हापूर स्मारकाला पुष्पचक्र वाहिले. पोलंडच्या राजधानीत कोल्हापूरचे नाव कोरलेले आहे, हे आपल्याकडे किती जणांना माहीत आहे?

रिकाम्या बराकी फार दिवस रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीनंतर सिंधहून निघालेली कुटुंबे तेथे आली. त्यांना परत जायला गाव नव्हते आणि भत्ताही कायमचा नव्हता. त्यांनी कापडाचा धंदा मांडला, मराठी शिकली, आणि ती छावणी आज गांधीनगर नावाची मोठी घाऊक कापडपेठ आहे. जागा तीच, पण एका समाजाला तिथली भाषा शिकण्याची गरज पडली नाही आणि दुसऱ्याला पडली. यात पोलिश लोकांना दोष देण्याचे कारण नाही. आज ना उद्या परतायचे, या आशेवर ते जगत होते. परतायचे असणारा माणूस सामान पूर्ण उघडत नाही.

आता ग्वाल्हेरकडे या. आपण ज्याला लष्कर म्हणतो ती मुळात छावणीच. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास येथे तळ टाकला आणि तंबूंचे शहर झाले. आपले पूर्वज त्या सैन्याबरोबर, कारकुनीबरोबर, पूजाअर्चेबरोबर आले. येथे परदेशी माणसेही होती. जयविलास महालाचे वास्तुकार मायकेल फिलोज हे मूळच्या इटालियन घराण्यातले, पण ते घराणे पिढ्यान् पिढ्या शिंद्यांच्या चाकरीत येथलेच झालेले. म्हणजे ग्वाल्हेरला परके पचवण्याची सवय जुनी. आपण हिंदी शिकलो, बोललो, हिंदीत डिग्र्या घेतल्या. आमचे स्वतःचे सर्व शिक्षण हिंदी माध्यमात झाले. मराठी मिळाली ती आजीकडून, स्वयंपाकघरातून व गणपतीच्या मांडवातून. तेवढी पुरली, कारण तेव्हा घरात आजी होती.

पुष्कळ पालक आम्हाला विचारतात, ‘सर, ग्वाल्हेरमध्ये मराठीचा उपयोग काय?’ प्रश्न प्रामाणिक आहे. वळिवड्याच्या आयांनीही विचारता आला असता, की कोल्हापुरात पोलिशचा उपयोग काय? त्यांनी तो विचारला नाही. पुढे ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या पोलिश लोकांनी शनिवारच्या शाळा काढल्या. आठवडाभर मुले इंग्रजी शाळेत, शनिवारी सकाळी पोलिश. त्या शाळा आजही चालतात. मात्र आमच्या मते आपल्याला वळिवड्याचा सगळा धडा लागू नाही. छावणीतली पोलिश भाषा कुंपणाच्या आत जपली गेली, आपल्याला कुंपण नको आहे. शेजारच्या हिंदी भाषिक मुलालाही बसावेसे वाटले तर त्याने बसावे, असा तास आम्हाला हवा.

तसा प्रस्ताव आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे : इयत्ता तिसरी ते पाचवीसाठी शनिवारी एक तास, परीक्षा नाही, गुण नाहीत, गोष्टी, गाणी आणि घरातल्या वस्तूंची नावे. त्यासाठी आठवड्यातून एकदा येऊ शकतील अशा दोन-तीन आज्या किंवा आजोबा हवे आहेत. ज्यांना जमेल त्यांनी कार्यालयात नाव द्यावे.

विद्यार्थ्यांसाठी काम :

नकाशावर पूर्व पोलंड, सैबेरिया, कास्पियन समुद्र, इराण, कराची, जामनगर व कोल्हापूर रेषेने जोडा. इयत्ता सहावी ते आठवीच्या मुलांनी घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीला तीन गोष्टी विचाराव्यात : आपले मूळ गाव कोणते, तेथून पहिले कोण आले, आणि येथे आल्यावर त्यांना हिंदी कोणी शिकवली. उत्तर दहा ओळींत, मराठीत लिहावे. शब्द अडला तर हिंदी शब्द तसाच ठेवून त्याखाली रेघ मारा, मराठी शब्द आपण वर्गात शोधू. वह्या महिनाअखेर वर्गशिक्षकांकडे द्याव्यात.