उणे नंबर आणि डोळ्याचा पडदा : भिवंडीच्या यंत्रमागांवरून मिळणारा बोध

भिवंडीच्या यंत्रमाग कारखान्यांत ताण्याचे धागे राच-फणीतून ओवणाऱ्या कामगाराला मोठा उणे नंबर असला, तरी त्याच्या कामात तो सहसा आड येत नाही. कारण उणे दहा नंबरच्या डोळ्याला चष्मा काढल्यावर सुमारे १० सेंटिमीटरवरचा धागा स्वच्छ दिसतो, आणि इतके बारीक टिपणाऱ्या डोळ्याला काही धोका असेल, अशी शंका कोणालाही येत नाही. तीव्र लघुदृष्टीच्या रुग्णांची फसगत बहुधा येथूनच सुरू होते. चष्म्याने दूरचे दिसू लागले की नंबरचा प्रश्न मिटला असे ते धरून चालतात. परंतु ज्या लांबट आकारामुळे नंबर आला, तो आकार चष्म्यामागे तसाच राहतो.

प्रौढ माणसाचा डोळा पुढून मागे सुमारे २४ मिलिमीटर लांब असतो. ही लांबी १ मिलिमीटरने वाढली, तर साधारणतः अडीच ते तीन उणे नंबर येतो. उणे सहा किंवा त्याहून अधिक नंबर असेल, तर त्या अवस्थेस तीव्र लघुदृष्टी म्हणतात, आणि अशा डोळ्याची लांबी बहुधा २६ मिलिमीटरच्या पुढे गेलेली असते. डोळा लांबताना त्याचे बाहेरचे पांढरे कवच, आतील रक्तवाहिन्यांचा थर आणि प्रकाश ग्रहण करणारा पडदा, म्हणजेच दृष्टिपटल, हे तिन्ही ताणले जाऊन विरळ होतात. काहींच्या बाबतीत मागची भिंत एका जागी बाहेर फुगते, त्या फुगवट्यास स्टॅफिलोमा म्हणतात. पडद्याच्या कडेला विरलेले पट्टे आणि छिद्रे निर्माण होऊ शकतात. डोळ्याच्या पोकळीत भरलेला पारदर्शक गर अशा डोळ्यात लवकर पातळ होतो आणि पडद्यापासून सुटताना पडद्याला ओढतो. त्या ओढीने पडदा फाटला, तर पातळ द्रव फटीतून मागे शिरतो आणि पडदा भिंतीपासून सुटू लागतो.

या घटनेची पूर्वसूचना बहुतेकदा मिळते, परंतु माग चालतो त्या जागी ती ओळखणे कठीण जाते. डोळ्यापुढे अचानक काळे ठिपके किंवा तंतू तरंगू लागले, तर कारखान्यातील उडता कापूस डोळ्यात गेला असे समजून कामगार डोळा चोळतो आणि पाळी पूर्ण करतो. वास्तविक कापसाचा तंतू पाण्याने धुतला जातो, तर आतील तंतू धुऊन जात नाही आणि नजर वळेल तिकडे सरकतो. विजेसारखी चमक ट्यूबलाइटची वाटते, पण अंधारात, डोळे मिटूनही ती दिसली, तर तिचा उगम पडद्यावरील ओढीत असण्याची शक्यता असते. नजरेच्या एका बाजूने सावली चढू लागणे हे पडदा सुटत असल्याचे लक्षण मानावे व त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. कारण मधला भाग सुटण्यापूर्वी शस्त्रक्रिया झाली, तर बारीक दृष्टी टिकण्याची आशा अधिक असते, तो सुटल्यानंतर ती पूर्ण परत येईलच असे नाही.

पडद्याच्या मधोमध होणारी हानी निराळी असते. तेथे ताणलेल्या थराला चिरा पडून त्यांतून नाजूक, गळक्या रक्तवाहिन्या वाढल्या, तर सरळ रेषा वाकड्या दिसू लागतात. अशा वाहिन्यांची वाढ डोळ्यात दिलेल्या इंजेक्शनांनी बहुधा रोखता येते, मात्र विलंब होता कामा नये. एक डोळा बिघडला तरी दुसरा उणीव भरून काढतो, म्हणून चष्मा लावून, एकेक डोळा झाकून बीमवरील ताणलेले धागे पाहावेत. पूर्वी सरळ दिसणारे धागे एखाद्या डोळ्याला वाकलेले किंवा मध्येच पुसट दिसले, तर तपासणी लांबवू नये. ही पाहणी माग बंद असतानाच करावी.

लेसर शस्त्रक्रियेने नंबर उतरला, तरी बुबुळाच्या पुढील पारदर्शक पटलाची वक्रताच तेवढी बदललेली असते. मागच्या पडद्याची जोखीम पूर्ववत राहते, हे चष्मा सुटलेल्यांनीही ध्यानात ठेवावे. केवळ नंबर काढणाऱ्या शिबिरातही पडद्याची कड पाहिली जात नाही. त्यासाठी थेंब टाकून बाहुली मोठी करावी लागते. ही तपासणी तीव्र लघुदृष्टी असलेल्याने वर्षातून एकदा, किंवा डॉक्टर सांगतील त्या अंतराने, करून घ्यावी. थेंबांमुळे काही तास नजर अंधुक राहत असल्याने त्या दिवशी माग व दुचाकी दोन्ही टाळावीत आणि तपासणी साप्ताहिक सुट्टीला ठेवावी. पडद्यास फट सापडली, पण पडदा सुटलेला नसेल, तर तिच्याभोवती लेसरने डाग देऊन ती बंदिस्त करता येते. सुटल्यास मोठी शस्त्रक्रिया लागते. फट शोधून बंद केल्याशिवाय सुटलेला पडदा बसत नाही, हे तत्त्व स्वित्झर्लंडचे नेत्रतज्ज्ञ ज्यूल गोनँ यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात प्रस्थापित केले. शस्त्रक्रियेत डोळ्यात वायू भरला असेल, तर तो विरेपर्यंत विमानप्रवास वर्ज्य असतो.

आईवडिलांपैकी कोणाला मोठा नंबर असेल, तर मुलांचे डोळे शाळेत जाण्याच्या वयापासूनच दरवर्षी तपासावेत आणि त्यांना रोज उघड्यावर, दिवसाच्या उजेडात खेळू द्यावे. कारण डोळ्याची लांबी मुख्यतः वाढत्या वयात वाढते, आणि एकदा वाढलेली लांबी कोणत्याही उपचाराने पूर्ववत करता येत नाही.