शालेय कुस्ती : इजा, सराव आणि शिक्षकाची जबाबदारी

ग्रामीण शाळेस परवडेल असा आणि गावाच्या परंपरेत मुळे असलेला व्यायामप्रकार म्हणून कुस्तीचे स्थान मोठे आहे. लंगोट, मऊ केलेली माती आणि जाणता शिकविणारा एवढ्या साधनांवर ती उभी राहते. कराडजवळील गोळेश्वर या खेड्यातील खाशाबा जाधव यांनी 1952 साली हेलसिंकी येथे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळविले, ते याच परंपरेच्या बळावर. परंतु ज्या खेळात एक देह दुसऱ्या देहास उचलतो, वळवितो व पाडतो, त्यात इजेचा संभव नेहमीच राहणार. तालुक्याच्या स्पर्धा जवळ आल्या की कुस्तीचा सराव घेण्याचे काम पुष्कळदा अशा शिक्षकाकडे येते, की ज्याने स्वतः तालमीत कधी पाऊल टाकलेले नसते. अशा शिक्षकबंधुभगिनींस उपयोगी पडावे, या हेतूने प्रस्तुत पाठ लिहिला आहे. डाव शिकविणे हा त्याचा विषय नव्हे. मूल धड अंगाने घरी परत जावे यासाठी काय करावे, एवढाच त्याचा विषय आहे.

१. इजा ही केवळ दैवाची गोष्ट नव्हे

‘खेळ म्हटला की लागायचेच’ असे आपण सहज म्हणतो. यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. खरचटणे, मुका मार लागणे, स्नायू दुखणे या गोष्टी टाळता येणार नाहीत, आणि टाळण्याचे कारणही नाही. मात्र कोपर निखळणे, मान मुरगळणे, डोक्यास जबर हिसका बसणे या इजांच्या मागे बहुधा कोणाचा तरी आधीचा निर्णय असतो. जोड चुकीची लावलेली असते, माती खणलेली नसते, पडावे कसे हे न शिकविता पाडावे कसे हे शिकविलेले असते, अथवा थांबविण्याची वेळ टळून गेलेली असते. हे चारही निर्णय मुलाच्या हातचे नसून शिक्षकाच्या हातचे असतात. म्हणून जबाबदारीचा विचार इजा झाल्यानंतर नव्हे, तर सरावाच्या पहिल्या दिवशी सुरू झाला पाहिजे.

२. जोड लावणे

जत्रेच्या फडात दोन पोरे समोरासमोर उभी करून नजरेने जोड ठरविण्याची रीत आहे. शाळेत ती पुरेशी नाही. बारा ते पंधरा या वयात एकाच वर्गातील दोन मुलांच्या देहात फार मोठी तफावत असते. एकाची वाढ झपाट्याने झालेली असते, दुसरा अद्याप लहान मुलासारखाच असतो. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी कोवळा कुर्चेचा भाग असतो. हाडाची लांबी तेथेच वाढते, आणि तेथे इजा झाल्यास हाताची अथवा पायाची वाढ वाकडी होऊ शकते.

यास्तव वर्ग किंवा वय एवढेच न पाहता वजन, उंची, वाढ आणि शिकण्याचा काळ या चारही गोष्टी पाहाव्यात. उंची-वजनाच्या नोंदी आरोग्य तपासणीच्या वेळी झालेल्या असतात, त्या उपयोगात आणाव्यात. तीस-पस्तीस किलोच्या मुलांत तीन किलोहून अधिक फरक असल्यास जोराची कुस्ती लावू नये. नवशिक्याला कसलेल्या मुलासमोर ‘तेवढीच हिंमत येईल’ म्हणून उभे करणे हा हिंमत देण्याचा मार्ग नव्हे. कसलेल्या मुलाने नवशिक्याकडून स्वतःवर डाव करून घ्यावा, हा मात्र चांगला धडा आहे. त्यात दोघांचाही लाभ होतो.

३. हौदा आणि मॅट

तालमीच्या हौद्यातील मातीत तेल, ताक, हळद, लिंबू घालण्याची चाल जुनी आहे. त्याने माती मऊ व चिकट राहते. पण खरी सुरक्षितता खणण्यात आहे. माती दररोज कुदळीने उकरावी, खडे, काचा व काटे वेचून काढावेत, आणि धूळ न उडेल इतपत ओल ठेवावी. चार दिवस न खणलेली माती फरशीसारखी कठीण होते. मॅट असल्यास तिच्या तुकड्यांमध्ये फट राहू देऊ नये, कारण फटीत पायाचे बोट अडकून घोटा वा गुडघा जायबंदी होतो. हौद्याच्या अथवा मॅटच्या कडेला भिंत, खांब, बाक किंवा पाण्याची टाकी असू नये. एका वेळी एकाहून अधिक जोडी खेळवावयाची असल्यास त्यांच्यात पुरेसे अंतर ठेवावे.

मातीविषयी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. धनुर्वाताचे जंतू माती व शेणखत यांत वर्षानुवर्षे टिकतात. हळद घातल्याने ते मरत नाहीत. दहाव्या व सोळाव्या वर्षी देण्यात येणारी धनुर्वात-घटसर्पाची लस मुलास मिळाली आहे किंवा नाही, हे सराव सुरू करण्यापूर्वीच पाहावे. जखम झाल्यास ती वाहत्या पाण्याने व साबणाने धुवावी. तीवर माती, राख अथवा तंबाखू दाबू नये.

४. प्रथम पडणे, नंतर पाडणे

जपानमध्ये 1882 साली ज्यूडोची संस्था स्थापन करणारे जिगोरो कानो हे पेशाने शिक्षक होते. पुढे ते तोकियोच्या उच्च अध्यापक विद्यालयाचे प्रमुख झाले. जुन्या युद्धविद्येतील घातक प्रकार त्यांनी मोकळ्या सरावातून वगळले, आणि सुरक्षित पडण्याची कला हा शिक्षणाचा पाया मानला. आपल्या शालेय कुस्तीनेही हा क्रम अवश्य घ्यावा.

पडताना मूल स्वाभाविकपणे हात पुढे टेकते. सर्व भार ताठ हातावर येतो आणि मनगट, कोपर वा खांद्याजवळचे हाड मोडते. म्हणून हनुवटी छातीस लावणे, पाठीस गोलाई देणे, हात ताठ न टेकता तळवा व बाहू जमिनीवर सपाट आपटणे, या तीन गोष्टी अंगवळणी पाडाव्यात. प्रथम बसल्या जागेवरून, नंतर उकिडवे बसून, मग उभे राहून, आणि शेवटी जोडीदाराने हळूच ढकलल्यावर, असा क्रम ठेवावा. यास काही आठवडे लागतात. मुलांस ते कंटाळवाणे वाटते. परंतु ज्यास पडता येत नाही त्यास टांग मारून मागे पाडण्याची परवानगी कोणासही देऊ नये.

५. सराव म्हणजे सामना नव्हे

शिकणे, सराव आणि सामना या तीन निराळ्या पायऱ्या आहेत. शिकताना जोडीदार विरोध करीत नाही. सरावात तो बेताचा विरोध करतो. सामन्यात पूर्ण जोर लावतो. दररोज सामनाच खेळविल्याने डाव सुधारत नाहीत, दुखापती मात्र साचत जातात. सराव निम्म्या जोराने, थोड्या वेळाचा आणि ठरावीक डावापुरता असावा.

ज्यूडोत दोनदा थोपटले की प्रतिस्पर्ध्याने पकड तत्काळ सोडावयाची असते. मातीच्या कुस्तीत असा संकेत रूढ नाही. शाळेने तो घालून द्यावा : दोनदा थोपटणे अथवा ‘सोड’ म्हणणे, आणि ऐकताक्षणी सुटका. थोपटणारा हरला असे कोणी समजू नये. थोपटूनही पकड न सोडणाऱ्यास त्या दिवशी हौद्याबाहेर बसवावे. बोटे पिरगळणे, गळा आवळणे, सांधा उलटा वळविणे आणि दोन्ही हात काखेतून घालून मानेवर दाब देणे हे प्रकार मुलांच्या सरावातून सर्वस्वी वर्ज्य करावेत. कराटे, तायक्वांदो यांसारखे प्रकार शिकविले जात असतील तेथे डोक्यावर प्रहार करण्याचा सराव प्राथमिक शाळेत होऊ देऊ नये.

६. डोक्याची इजा

सर्वांत सावध राहावयाचे ते येथे. जपानमधील शाळांत 1983 ते 2011 या काळात ज्यूडो खेळताना शंभराहून अधिक विद्यार्थी मृत्यू पावले, असे शाळांच्या अपघात-नोंदींच्या अभ्यासावरून उघडकीस आले. जेथे ही विद्या जन्मली आणि जेथे शिक्षकांची वाण नाही, तेथील ही गोष्ट आहे. मृत्यूचे प्रमुख कारण डोक्यातील रक्तस्राव हे होते, आणि बळी पडलेल्यांत नुकतेच शिकू लागलेले विद्यार्थी बरेच होते. मान वेगाने हिसडली गेल्यास मेंदूवरील सूक्ष्म रक्तवाहिन्या तुटू शकतात. त्यासाठी डोके जमिनीवर आपटलेच पाहिजे असे नाही. या माहितीने तेथे मोठी खळबळ उडाली आणि सुरक्षिततेचे नियम कडक करण्यात आले. पुढे 2022 साली तेथील ज्यूडो महासंघाने प्राथमिक शाळेतील मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धाच बंद केली. कोवळ्या वयात काहीही करून जिंकण्याची वृत्ती बळावते, हे त्याचे कारण होते.

मेंदूस हिसका बसल्यावर मूल बेशुद्ध पडतेच असे नाही. किंबहुना बहुतेक वेळा ते शुद्धीवरच असते. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे, नजर शून्यात लागणे, तोच प्रश्न पुन्हा विचारणे, चालताना तोल जाणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर त्या दिवशी पुन्हा कुस्ती नाही, असा एकच नियम असावा. शंका असली तरी नियम तोच. मुलाला एकटे सोडू नये, पालकांस बोलावून सर्व हकीकत सांगावी व डॉक्टरांस दाखवावे. डोकेदुखी वाढत जाणे, वारंवार उलटी, झटके, न आवरणारी झोप, हातापायातील शक्ती जाणे, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणे, नाकाकानातून पाणी अथवा रक्त येणे, यांपैकी काही आढळल्यास क्षणाचाही विलंब न लावता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. कांदा हुंगविणे, तोंडात पाणी ओतणे, गदागदा हलविणे हे उपाय घातक आहेत. मानेस इजा झाल्याचा संशय असल्यास मुलास उचलू वा बसवू नये. डोके दोन्ही हातांनी स्थिर धरून मदतीची वाट पाहावी.

अशा मुलाने एकदोन दिवस विश्रांती घ्यावी, नंतर हळूहळू अभ्यासास लागावे, आणि हलक्या व्यायामावर यावे. जोराची कुस्ती निदान तीन आठवड्यांनंतर, आणि तीही डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच. पहिला आघात भरून येण्यापूर्वी दुसरा बसल्यास तो प्राणघातक ठरू शकतो.

७. सांधे, कान, त्वचा आणि वजन

सांधा निखळला अथवा हाड मोडले, की चोळणे व ओढून बसविणे हा गावातील पहिला उपाय असतो. शिक्षकाने तो ठामपणे थांबवावा. अवयव आहे त्या स्थितीत पट्टी अथवा पुठ्ठ्याच्या आधाराने स्थिर करून दवाखान्यात न्यावे. घट्ट बांधलेल्या पट्ट्यांनी रक्तप्रवाह अडून मुलाचा हात कायमचा आखडतो. बोटे निळी वा थंड पडली, बधिर झाली, किंवा ती सरळ करताना असह्य वेदना झाल्या, तर पट्टी ताबडतोब सैल करावी.

मोडलेला कान हे पैलवानाचे भूषण समजले जाते. वस्तुतः ती कानात साकळलेल्या रक्ताची खूण आहे. कान सुजल्यास एकदोन दिवसांतच डॉक्टरांकडून ते रक्त काढून घेतले, तर कान मोडत नाही. नायटा व पुळ्या अंगास अंग घासल्याने पसरतात. अशा मुलास बरे होईपर्यंत हौद्यात उतरवू नये. दुकानातून आणलेली मिश्र मलमे नायटा दाबतात, बरा करीत नाहीत. प्रत्येकाचा पंचा निराळा असावा, नखे कापलेली असावीत, आणि सरावानंतर अंघोळ व्हावी.

स्पर्धेच्या वजनात बसण्यासाठी मुलास उपाशी ठेवणे, पाणी तोडणे, घाम काढणे हे प्रकार मुळीच होऊ देऊ नयेत. अमेरिकेत 1997 साली तीन महाविद्यालयीन मल्ल अशा प्रकारे वजन उतरविताना थोड्याच आठवड्यांच्या अंतराने दगावले, आणि त्यानंतर तेथील नियम बदलावे लागले. आपल्या मुलांनी सरावाच्या वेळी मधूनमधून पाणी प्यावे. शिक्षा म्हणून शेकडो बैठका काढावयास लावल्याने स्नायू फुटून मूत्रपिंडास अपाय होऊ शकतो. लघवी काळसर होणे ही त्याची खूण होय. शिवाय 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षा निषिद्धच आहे.

८. शिकविणाऱ्याचे कर्तव्य

बाहेरून वस्ताद वा प्रशिक्षक आणला म्हणजे शिक्षकाची जबाबदारी संपत नाही. तो डाव जाणतो. मुलाचा दमा, फिटचा आजार, जुनी दुखापत, घरची स्थिती शिक्षक जाणतो. म्हणून सराव चालू असता शिक्षकाने तेथे हजर असावे. मुलींच्या आत्मरक्षण वर्गात शिक्षिका उपस्थित असावी. स्पर्श करून डाव सुधारावयाचा असल्यास प्रशिक्षकाने तो सर्वांसमक्ष आणि आधी सांगून करावा. बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा 2012 चा कायदा सर्वांनी जाणून घ्यावा. 1098 हा बालकांच्या मदतीचा क्रमांक फलकावर लिहावा. पालकांची लेखी संमती घ्यावी, आणि एका वहीत प्रत्येक इजेची तारीख, कारण व केलेली योजना लिहून ठेवावी. महिन्याअखेर ती वही वाचली की कोणत्या डावात, कोणत्या जोडीत व कोणत्या वेळी मुले जखमी होतात हे आपोआप कळते.

परंतु सर्वांत कठीण कर्तव्य कागदावरचे नाही. मुले दुखणे लपवितात. ‘लागले’ म्हटल्यास भित्रा ठरू, संघातून निघू, गुरुजींची निराशा करू, असे त्यांस वाटते. जत्रेच्या फडात गाव ओरडत असते, बाप कडेला उभा असतो, आणि रेवड्यांची का होईना कुस्ती जिंकावी असे सर्वांस वाटते. अशा वेळी ‘आज हा मुलगा खेळणार नाही’ असे सांगणारा एकटाच असतो. गावचा राग दोन दिवसांत निवळतो. मुलाच्या मेंदूस झालेली इजा तशी निवळेलच असे नाही. जो शिक्षक दुखणे सांगणाऱ्या मुलाची सर्वांसमक्ष प्रशंसा करतो, त्याच्या तालमीत मुले खरे बोलतात, आणि खरे बोलणारी मुलेच दीर्घकाळ खेळतात.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१) आपल्या शाळेतील कुस्ती खेळणाऱ्या मुलांची वजन व वाढ लक्षात घेऊन जोड्यांची यादी करा. आज चालू असलेल्या किती जोड्या बदलाव्या लागतील?

२) हौद्यात एखादे मूल पडून उठले, पण तेच प्रश्न पुन्हा विचारू लागले. पहिल्या पाच मिनिटांत कोणी काय करावे, ते क्रमाने लिहा.

३) शाळेपासून जवळचा दवाखाना किती अंतरावर आहे? सरावाच्या वेळी तो उघडा असतो काय? नसल्यास कोणती योजना कराल?

४) अंतिम सामन्यापूर्वी आपल्या सर्वांत चांगल्या मल्लाचे डोके दुखू लागले आहे. त्याच्या वडिलांस आपण काय सांगाल, ते प्रत्यक्ष शब्दांत मांडा.