काकूविरहित वाक्य : लिखित संदेशातील व्यंग्यार्थाचा विचार

मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त आर्थी व्यंजनेची जी निमित्ते सांगितली आहेत, त्यांत वक्ता, बोद्धव्य म्हणजे ज्याला उद्देशून बोलले जाते तो, काकू म्हणजे स्वरातील चढउतार, तसेच प्रस्ताव, देश आणि काल यांचा अंतर्भाव होतो. अकराव्या शतकातील ही मांडणी काव्यार्थासंबंधी आहे. तथापि मोबाईलवरील दोनतीन शब्दांच्या संदेशालाही ती लावून पाहण्यासारखी आहे. लेखनात काकू लोपते आणि अर्थनिर्णयाचा भार उरलेल्या निमित्तांवर येतो. ती बाजूस ठेवून वाचक हरवलेला स्वर स्वतःच्या मनःस्थितीतून भरून काढतो, तेथे गैरसमज जन्मास येतो.

मराठी पत्रपरंपरेने या उणिवेवर मायन्याचा उपाय योजला होता. ‘तीर्थरूप’ किंवा ‘चिरंजीव’ या पहिल्याच शब्दाने वक्ता आणि बोद्धव्य यांचे नाते निश्चित होई व पुढील मजकूर त्या नात्याच्या प्रकाशात वाचला जाई. मायना किती निर्णायक मानला जाई, हे चांगदेवाच्या कोऱ्या पत्राच्या आख्यायिकेवरून दिसते. ज्ञानदेव वयाने लहान, अधिकाराने थोर. त्यांना काय संबोधावे हे न उमगल्याने चांगदेवाने कोराच कागद धाडला. मुक्ताबाईने त्यात चांगदेवाचे कोरेपण वाचले, तर निवृत्तिनाथांना तीच उपदेशाची जागा वाटली. त्यांच्या सूचनेवरून ज्ञानदेवांनी ६५ ओव्यांचे उत्तर दिले, तीच ‘चांगदेव पासष्टी’. कागद एकच, वाचने दोन. व्हॉट्सॲपवर २०१४ पासून दिसू लागलेल्या निळ्या खुणांनंतरचे मौन हे असेच कोरे पत्र होय. फरक इतकाच की ते वाचण्यास निवृत्तिनाथ क्वचितच लाभतो.

मोबाईलच्या संदेशात मायना उरला नाही. अहमदपूर तालुक्यातून पुण्यास शिकावयास गेलेल्या मुलाने ‘दिवाळीला येणं जमत नाही’ असे लिहावे आणि घरून ‘बरं. तुझं तू बघ’ असे उत्तर यावे, अशी कल्पना करू. हे वाक्य अनुमती आहे, विश्वास आहे, की रोष? प्रत्यक्ष बोलण्यात ‘बरं’मधील स्वराच्या लांबीनेच त्याचा निकाल लागला असता. येथे मात्र प्रस्ताव आणि काल पाहावे लागतात. मुलाची परीक्षा तोंडावर असेल तर ती मोकळीक ठरते. सोयाबीनची रास रानात पडून असेल आणि घरात माणूस कमी असेल, तर तेच शब्द गाऱ्हाणे होतात. शब्दकोशात ‘बरं’ची कितीही छटाभेदांसह नोंद असली, तरी सोयाबीनची नोंद तेथे नसते.

देश हे निमित्तही येथे उपेक्षणीय नाही. ‘कधी यायलास?’ हा प्रश्न लातूर-नांदेडकडे घरगुती जिव्हाळ्याचा. प्रमाण मराठीस सरावलेल्या वाचकास तो एकतर अशुद्ध वा दरडावणीचा वाटतो. जोडलेल्या हातांचे चित्र काकूची जागा घेते असे मानले जाते, परंतु ते नमस्कार, आभार, शोक आणि ‘आता पुरे’ अशा चारही प्रसंगी पाठविले जाते.

याहून बिकट प्रश्न वक्त्याचा आहे. पूर्वी निरक्षर आईबाप शिक्षकाकडून वा पोस्टमनकडून पत्र लिहवून घेत. आता अनेक घरांत वडीलधाऱ्यांचा निरोप शाळकरी नातवंड टंकित करते. आजीने तीन वाक्यांत सांगितलेले नातू ‘ठीक आहे’ एवढ्यावर आटोपतो. तो तुटकपणा आजीचा नसतो. खेळावयास जाण्याची घाई असलेल्या लेखनिकाचा असतो.