जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्याची लेन्स कशी पारखावी?

जुने कॅमेरे घेऊन, दुरुस्त करून विकणाऱ्या आपल्या बंधूंना ही तक्रार नवी नाही. ग्राहक आठ दिवसांनी परत येतो आणि म्हणतो, "चाचा, याची लेन्स बेकार आहे, फोटो धूसर येतात." कारागीर लेन्स खोलतो, पुसतो, पुन्हा बसवतो, फोटो मात्र तसेच. माल परत घ्यावा लागतो आणि दुकानाचे नाव खराब होते ते वेगळेच. अशा वेळी खोट बहुतेकदा लेन्सच्या काचेत नसतेच. ती कुठे असते हे ओळखणे म्हणजेच या धंद्यातील अर्धे कसब.

माल मुळात चांगला

यशिका इलेक्ट्रो ३५ हा कॅमेरा १९६६ साली जपानात निघाला. त्याची लेन्स ४५ मिमी, एफ १.७. ऑलिंपस ३५ एसपी १९६९ चा. त्याच्या ४२ मिमी लेन्समध्ये सात काचा आहेत. कॅनोनेट क्यूएल १७ जी-३ हा १९७२ चा, ४० मिमी, एफ १.७. या कॅमेऱ्यांची लेन्स बदलता येत नाही, पण त्याचा फायदाही आहे. आत आरसा नसल्याने लेन्सची मागची काच फिल्मच्या जवळ ठेवता येते. शटर लेन्सच्या आतच असते, त्यामुळे झटका कमी बसतो. म्हणून धड अवस्थेतील नग आजही रेखीव फोटो देतो.

पहिली तपासणी : रेंजफाइंडर

या कॅमेऱ्यात ग्राहक लेन्समधून पाहत नाही. खिडकीतल्या दोन प्रतिमा एकावर एक आणून तो फोकस करतो. कॅमेरा आपटला की हे जुळणे बिघडते. खिडकीत सर्व ठीक दिसते, पण लेन्स भलत्याच अंतरावर रोखलेली असते. एक मीटरवर एफ १.७ ला फोकसची खोली जेमतेम पाच सेंटीमीटर असते. एफ ८ ला ती वीस सेंटीमीटरच्या वर जाते. म्हणूनच लहान चूक उन्हात झाकली जाते आणि घरात, लग्नाच्या मांडवात उघडी पडते.

फोकस अनंतावर ठेवा आणि दूरचा मनोरा किंवा खांब पाहा. दोन्ही प्रतिमा एक झाल्या पाहिजेत. मग टेपने एक मीटर मोजून जवळचे अंतरही तपासा. त्यानंतर मागचे दार उघडा, फिल्म जिथे टेकते त्या पट्ट्यांवर घासलेली काच खरखरीत बाजू लेन्सकडे करून ठेवा, शटर 'बी' वर उघडे धरा आणि प्रतिमा भिंगाने पाहा. खिडकी आणि काच यांची साक्ष एक असावी.

दुसरी तपासणी : काच

शटर उघडे ठेवून लेन्समधून बॅटरीचा प्रकाश तिरपा पाडा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी; मुंबई-कोकणच्या दमट हवेत ती लवकर धरते. दुधासारखा पडदा दिसला तर फोटो फिके येतात आणि दिव्यांभोवती वलय दिसते. दोन्ही बऱ्याचदा साफ होतात, पण बुरशीने लेप खाल्ला असेल तर डाग राहतो. पुढच्या काचेवरची धूळ किंवा एखादी बारीक रेघ सहसा फोटोत येत नाही. मागच्या काचेवरची रेघ जास्त नडते. शर्टाच्या टोकाने काच पुसण्याची सवय मात्र सोडावी, त्याने लेप झिजतो.

आधी कोणी लेन्स खोलली होती का, तेही पाहा. स्क्रूच्या खाचा ओरबाडलेल्या असतील तर सावध व्हा. एक काच उलटी बसली किंवा मधली रिंग राहून गेली, तर फोटो रेखीव येत नाही. कडा तर हमखास बिघडतात.

तिसरी तपासणी : फिल्म

टेबलावर टेप तिरपी पसरा, कॅमेरा स्टँडवर लावा, एक मीटरच्या खुणेवर फोकस करा. एफ १.७, ४ आणि ८ असे तीन फोटो काढून अॅपर्चर लिहून ठेवा. निगेटिव्ह भिंगाखाली धरा. रेखीव भाग खुणेच्या पुढे किंवा मागे सरकला असेल तर दोष फोकसचा. खुणेवर असूनही मऊ असेल तर दोष काचेचा. एफ १.७ ला थोडा मऊ आणि ५.६ किंवा ८ ला कडक, हा दोष नव्हे. या लेन्सचा तो स्वभाव आहे. एफ १६ ला पुन्हा किंचित उतार येतो. कमी प्रकाशात सावकाश शटरवर हात हलला, तर त्याला लेन्स जबाबदार नाही.

एक रोल खर्च होतो खरा, पण परत आलेल्या मालापेक्षा तो स्वस्त पडतो. मोठ्या अॅपर्चरला फोटो मऊ येतो, काचेवर डाग आहे, जे असेल ते चिठ्ठीवर लिहून ग्राहकाच्या हाती द्या आणि भाव त्याप्रमाणे सांगा. ऐब सांगून विकलेला माल सहसा परत येत नाही. ग्राहक मात्र पुन्हा येतो.